शाया आणि सकून : थायलंडातल्या खेड्यात मास्तरीण म्हणून पहिलं वर्ष

पऱ्हाटी
11 एप्रिल 2025, दुपारी 2.50

किती दिवसांपासून लिहायचं म्हणत होते. सध्या गावी आहे, यवतमाळच्या दारव्हा तालुक्यात. जेवण झालं की लाइट जाते, आणि लाइट गेली की ओसरीवर पडून लिहायला वेळच वेळ.

मे 2024 मध्ये मी थायलंडला इंग्रजी शिकवायला गेले. बँकॉक, पट्टाया नाही. रोई एत नावाचा प्रांत आहे, बँकॉकहून पाचेकशे किलोमीटर ईशान्येला. रोई एत म्हणजे थाई भाषेत एकशे एक. शहरात मधोमध एक मनोरा आहे, त्याची उंचीही मोजून 101 मीटर ठेवली आहे. माझी शाळा शहरापासून तासभर आत, भाताच्या शेतांमध्ये. या सगळ्या भागाला इसान म्हणतात. थायलंडातला कोरडवाहू, गरीब भाग. घरातली कर्ती माणसं बँकॉकला कामाला, गावात आजी आणि नातवंडं. प्रांतात रेल्वे नाही, पण लाइनचं काम सुरू आहे असं ज्याला विचाराल तो सांगतो. आमच्याकडे शकुंतला नावाची छोटी गाडी बंद पडली आणि वर्धा-नांदेड लाइन 'येतच आहे', त्यामुळे मला पहिल्याच दिवशी घरी आल्यासारखं वाटलं.

आमच्या त्या माळरानाचं नावच 'कुला रडले ते माळ' असं आहे. थाईत थुंग कुला रोंगहाय. कुला म्हणजे बाहेरून आलेले फिरते व्यापारी. माळ पार करता करता ना पाणी दिसेना ना झाड, म्हणून ते बसून रडले अशी गोष्ट सांगतात. आज तिथेच जगभर जाणारा जास्मिन तांदूळ पिकतो. मी रडले ती मात्र दुसऱ्या कारणानं.

जाण्याआधीचं थोडक्यात. बी.ए. इंग्रजी, बी.एड. पुण्याहून. शिक्षक भरतीची अभियोग्यता चाचणी दिली, भरतीच्या पवित्र पोर्टलवर नंबर लागला नाही. एका खासगी संस्थेत चौकशी केली तर बाबांच्या दोन एकरांची किंमत सांगितली. मग नागपूरच्या एका एजंटनं थायलंडचं सुचवलं. करार आला, त्यावर साल 2567. बाबांनी चष्मा लावून तीनदा वाचलं आणि म्हणाले, "पोरी, हे लोक पाचशे वर्षांनी पगार देणार आहेत." तिथे बुद्ध संवत चालतं, आपल्यापेक्षा 543 वर्षं पुढे. हे त्यांना पटवायला दोन दिवस गेले.

आता वर्गाचं सांगते. नववीचा वर्ग, 38 मुलं. सकाळी आठला झेंडा आणि राष्ट्रगीत. वर्गात शिरताच सगळे उभे आणि एका सुरात, "गुऽड मॉर्निंग टीऽचर!" मी म्हटलं, हाऊ आर यू? उत्तर तयार, "आयॅम फाइन थँक्यू, अँड यू?" मी खूश. मग विचारलं, तुम्ही राहता कुठे? शांतता. पंखा फिरतोय तेवढाच आवाज. पुढच्या बाकावरची मुलगी खोडरबर खोडत बसली. ही शांतता माझ्या ओळखीची होती. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत साहेब तपासणीला आले की हीच पडायची.

फळ्यावर 'स्कूल' लिहिलं आणि वाचायला सांगितलं. सगळा वर्ग म्हणाला, "सकून." परत सांगितलं, परत "सकून." फुटबॉल म्हणजे "फुटबॉन", ॲपल म्हणजे "ॲप्पून". थाईत शब्दाच्या शेवटी 'ल' टिकत नाही, त्याचा 'न' होतो. हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मला एवढंच कळलं की पोरं ऐकत नाहीत. वीसदा म्हणून घेतलं. एकविसाव्या वेळी मागच्या बाकावरचा एक लांबडा मुलगा नुसते ओठ हलवायला लागला, आवाज बंद. मी त्याला उभं केलं आणि एकट्याला म्हणायला लावलं. वर्ग हसला. तो बसला, आणि त्यानंतर दोन महिने त्यानं माझ्या तासाला तोंड उघडलं नाही.

त्या रात्री खोलीवर आले आणि झोप लागेना. बी.एड.ला असताना पुण्याच्या एका शाळेत माझा पहिला सराव पाठ होता. मी मुलांना म्हटलं, "फयाकडे पाहा." वर्ग हसला तो थांबेचना. आमच्याकडे ळ नाहीच, शाळा म्हणजे शाया, डोळा म्हणजे डोया. बाईंनी माझ्या टाचणवहीत लाल शाईनं लिहिलं होतं, 'उच्चार सुधारावा.' ती वही अजून घरी आहे, कालच माळ्यावर सापडली.

बाकी नंतर लिहिते. विचारायचं ते विचारा.

तर्रीपोहे
11 एप्रिल 2025, संध्याकाळी 5.12

वा! पण बाई, वऱ्हाडातली पोट्टी दारव्ह्याच्या ओसरीवर बसून सदाशिव पेठेतलं लिहून राहिली, हे काई जमलं नाई. 'वाटलं', 'कळलं', 'आवडलं'. शायाचं दुख सांगून राहिली अन् त्यातच ळ च्या ळ वाढून राहिली. आपल्या बोलीत लिही ना. इथी कोन लाल शाई घेऊन बसलं हाय?

वावरातला_इंजिनेर
11 एप्रिल 2025, संध्याकाळी 6.40

सुंदर लिहिलंय, पण मी कामाचं विचारतो. पगार किती, एजंटनं किती घेतले, आणि बी.एड. तिथे चालतं का? लहान भाऊ विचारतोय, तो पुसदला बिनपगारी शिकवतो आहे.

पऱ्हाटी
11 एप्रिल 2025, रात्री 9.30

@तर्रीपोहे हाव, बरोबर धरलं तुमी. बसली की बोटं आपोआप तसेच चालतात. आता अशीच लिहितो, पटलं नाई त सोडून द्या.

@इंजिनेर भाऊ, पगार मले 18,000 बाट. तवा बाट सव्वादोन-अडीच रुपयाचा होता. खोलीभाडं, लाइट, खानं जाऊन निम्मे उरत. पन हे ध्यानात ठेवा. इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया असल्या देशाचा पासपोर्ट असला त त्याले 'मातृभाषा इंग्रजी' म्हनतात. आपन त्यात येत नाई. आपल्याले टोइक म्हनून इंग्रजीची परीक्षा द्या लागते अन् पगारही कमीच. बाजूच्या गावच्या शायेत एक ब्रिटिश पोट्टा होता, शिक्षनाची पदवीच नाई त्याच्यापाशी, त्याले 30,000 च्या वर. आमच्याच शायेत फिलिपिन्सची एक बाई हाय, 9 वर्सं झाले शिकवून राहिली, ते मले म्हने, "याच्यावर इचार करत बसशील त दुसऱ्या महिन्यात परत जाशील." तिचं ऐकलं.

एजंटनं 85,000 घेतले. म्हने इंडियनले आता व्हिसा लागत नाई, जा अन् शिकवाले लाग, तिथी बदलून भेटते. तवा खरंच 30 दिवस बिनव्हिसाचे होते, पन ते फिराले, काम कराले नाई. ते आमच्या मुख्याध्यापकानं पहिल्याच दिवशी सांगतलं, अन् कागद होईपर्यंत मले खडू धरू देला नाई. भला मानूस. मंग मी लाओसले सवन्नखेतले गेली, मेकाँगच्या पलीकडे. तिथच्या थाई वकिलातीतून काम कराचा व्हिसा आनला, मंग वर्क परमिट. पुलावरून बस जाते, खाली नदी एवढी रुंद का मले वाटलं समुद्रच हाय. एजंटले फोन लावला त फोन बंद.

बी.एड. चालते, पन पदवी इथूनच प्रमानित करून न्या, अन् पोलिसाचा दाखलाही.

मिरगाचा_किडा
11 एप्रिल 2025, रात्री 10.05

एजंटबद्दल मी लिहितो, कारण माझ्या मावसभावाला असंच 'थायलंडात डेटा एंट्री' म्हणून नेणार होते. बँकॉकला उतरवून म्यावाडीला, म्हणजे म्यानमारमध्ये, ऑनलाइन फसवणुकीच्या कोंडवाड्यात नेतात. याच मार्चमध्ये सरकारनं वायुदलाच्या विमानांनी शेकडो पोरं परत आणली. परराष्ट्र खात्याच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणी असलेले एजंट सापडतात. नाव तिथे नसेल तर चहासुद्धा पिऊ नका त्याच्याकडे. आणि नोंदणीकृत एजंटला जास्तीत जास्त 30,000 रुपये अधिक जीएसटी एवढंच घेता येतं. 85,000 म्हणजे तुम्हाला सरळ लुटलं.

पऱ्हाटी
11 एप्रिल 2025, रात्री 10.20

लुटलंच. बाबाले अजून 40 च सांगतलेत. इथी कोनी गावचं असंल त तोंड बंद ठेवा.

सेवानिवृत्त_मास्तर
12 एप्रिल 2025, सकाळी 7.15

लेखन चांगले आहे. तथापि एक प्रश्न टोचतो. आपल्या जिल्ह्यात चार वर्गांना दोन शिक्षक अशी अवस्था आहे. मी स्वतः 34 वर्षे अशा शाळांवर काढली. आपल्या मुलांना इंग्रजी यावे म्हणून सरकारने 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आणली. त्या पहिलीपासूनच्या इंग्रजीवर तयार झालेली आपली मुले बाहेरच्या खेड्यांत जाऊन शिकवणार, आणि इथली खेडी तशीच राहणार?

पुणेकर_नाईलाजाने
12 एप्रिल 2025, सकाळी 8.50

सर, इथे राहिली असती तर कुठे शिकवलं असतं? दोन एकर विकून?

सेवानिवृत्त_मास्तर
12 एप्रिल 2025, सकाळी 9.10

ते मान्य. तरी टोचते.

पऱ्हाटी
12 एप्रिल 2025, दुपारी 1.40

गुरुजी, मलेही टोचते. आमच्या गावच्या शायेत आता दोनच मास्तर, त्यातले एक मतदारयाद्यात अडकले. सुट्टीत आली तवापासून रोज सकायी दोन घंटे मीच चौथीच्या पोट्ट्याइले घेऊन बसतो, देवळाच्या पारावर. पन सुट्टी 15 मेपर्यंतच. शिक्षनसेवक झाली असती त 3 वर्सं 16 ते 20 हजारात काढले असते, तेही हसत. नंबर लागला त येईन. खरंच येईन. त्याच्याहून जास्त आता मले सांगता येत नाई.

सांबारवडी
12 एप्रिल 2025, दुपारी 3.30

जड झालं वातावरण. मला खाण्याचं सांग गं. शाकाहारी आहेस का? आणि तिथे मास्तरांना मान आहे का आपल्यासारखा? (म्हणजे पूर्वी होता तसा. 😄)

पऱ्हाटी
12 एप्रिल 2025, रात्री 8.45

खानं. मी अंडं खातो, मासोयी नाई. अन् तिथी प्रत्येक भाजीत माशाचं पानी. इसानमधी त्याच्याही पुढं, 'प्ला रा' म्हनून आंबवलेली मासोयी असते, झाकन उघडलं का गल्लीले समजते. पहिले पंधरा दिवस मी भात अन् जवसाची चटनी, बस. मंग शेजारच्या आजीनं पपईचा 'सोम तम' करून देला. कच्ची पपई, मिरची, लसून खलबत्त्यात घालून कुटतात, पोक पोक आवाज येतो. मी म्हटलं, अवो हा त ठेसाच हाय! आजीले हातानं सांगतलं, मासोयी नको. तिनं बिना मासोयीचा केला, पन माह्याकडे असं पाह्यलं का जसं कोनी पुरनपोयी बिना पुरनाची मागतली. भात तिथी चिकट असते, बांबूच्या डब्यात ठेवतात, हातानं गोया करून खातात. काटाचमच्याची कटकट नाई. चवदार म्हनाले बँकॉकवाले 'अरॉय' म्हनतात, इसानवाले 'सॅप'. मी 'सॅप' म्हटलं का आजी टाया वाजवते.

अन् भेटलं का कोनी पहिले इचारते, "जेवली का?" दुपारचे चार असो का रात्रीचे दहा. आपल्यासारखंच. त्याचं उत्तर 'हाव'च द्याचं असते, नाईतर मानूस खरंच ताट घेऊन येते. हे मले तिसऱ्या दिवशी समजलं, तवा तीन घरी जेवून चुकली होती.

मानाचं सांगतो. जूनमधी एक दिवस असते, 'वाय ख्रू'. ख्रू म्हंजे गुरू, शब्द आपलाच. तो दिवस गुरुवारीच धरतात. गुरुवारले ते 'वान फ्रुहत' म्हनतात, म्हंजे बृहस्पती. मंगयवारचा 'अंगखान', आपला अंगारक. पोट्टे फुलाईची थाळी करून आनतात अन् गुडघ्यावर सरकत सरकत पुढं येतात. मी खुर्चीवर. त्या थाळीत काय होतं माईत हाय? हरयी! आपल्या वावरातली हरयी, जी काढू काढू कंबर मोडते ते. दुसरं लाल झुपक्याचं फूल, त्याच्या नावाचा अर्थ सुई, म्हंजे बुद्धी सुईसारखी टोकदार व्हावी. अन् तिसरं वांग्याचं फूल. मी फिलिपिन्सच्या बाईले इचारलं, वांगं काहून? ते म्हने, वांग्याचं फूल खाली मान घालून राह्यते, विद्यार्थी तसा असावा. अन् हरयी कुठीही टाका, पसरतेच, तसं ज्ञान पसरावं.

बाबाले फोनवर सांगतलं. बाबा तीस वर्सं झाले वांगे लावून राहिले. दुसऱ्या दिवशी त्याइनं फोटो पाठवला, वावरातल्या वांग्याच्या फुलाचा. खाली लिहिलं, 'खरंच खाली पायते वो.'

भामरागड_बायपास
12 एप्रिल 2025, रात्री 9.20

इसानमध्ये लाल मुंग्यांची अंडी खातात असं ऐकलंय, खरं का? आमच्या भामरागडाकडे माडिया लोक लाल मुंग्यांची चटणी करतात. ताप आला की मुद्दाम खातात.

पऱ्हाटी
12 एप्रिल 2025, रात्री 9.35

खरं. उन्हायात झाडावरून लांब बांबूनं पाडतात, अंडे बाजारात पानावर मांडून असतात. मी नाई खाल्ले. पुढच्या वर्सी हिंमत केली त सांगीन.

पुणेकर_नाईलाजाने
13 एप्रिल 2025, सकाळी 10.00

त्या मागच्या बाकावरच्या मुलाचं काय झालं? दोन महिने बोलला नाही म्हणालीस आणि विषयच सोडलास. मी कालपासून तेच बघायला तीनदा येऊन गेलो.

पऱ्हाटी
13 एप्रिल 2025, दुपारी 2.15

तेच लिव्हाचं होतं, म्हनून लिहिलं नाई. आता लिहितो.

जुलैतली गोठ. जेवनाच्या सुट्टीत पोट्टे माह्या खोलीच्या मांगं झाडाखाली बसत. मले थाई थोडीशी समजाले लागली होती, पन त्याइचं काईच समजेना. फिलिपिन्सच्या बाईले इचारलं. ते म्हने, ते थाई नव्हे, लाओ बोलून राहिले. घरची बोली. शायेले थाईत 'रोंगरियन' म्हनतात, पन हे पोट्टे घरी 'होंगहियन' म्हनतात. र चा ह होते. अन् ते जर वर्गात म्हटलं त थाईची मॅडम टोकते. टीव्हीवरच्या मालिकेत मोलकरीन नाईतर डायव्हर असला का तो हमखास इसानी बोलते, अन् लोकं हसतात. मले लगेच आपले नाटकवाले आठवले, वऱ्हाडी बोलनारा गडी म्हटला का झालं काम.

म्हंजे हे पोट्टे घरी एक बोलतात, शायेत दुसरं, अन् वरून मी तिसरं घेऊन गेली अन् म्हटलं, 'ल' म्हना.

दुसऱ्या दिवशी मी फयावर देवनागरीत 'शाळा' लिहिलं. मोडक्यातोडक्या थाईत सांगतलं, हे माह्या भाषेत स्कूल. मंग त्याच्या खाली 'शाया' लिहिलं. सांगतलं, माह्या गावात असं म्हनतात. वर्गात मोठ्या शहरात मी असं म्हटलं, सगळे हसले, मॅडमनं लाल शाईनं लिहिलं. कोनाच्या तोंडातून आवाज नाई. मंग एकीनं इचारलं, हा वरचा कसा म्हनाचा? मी ळ म्हनून दाखवला. बाप्पा! 38 जनं ळ म्हनाले बसले. कोनाचा ड, कोनाचा र, एकाची जीभच चावली. मलेही पहिले दोनदा ळ धड निंगाला नाई, खरं सांगतो. अन् तो मांगचा पोट्टा, लांबडा, खिडकीकडे पाहून हळूच म्हने, "शा-या." ळ सोडून देला त्यानं अन् सरळ वऱ्हाडी धरली. पहिला शब्द तो बोलला माह्या तासाले, अन् तो दारव्ह्याचा.

आता चमत्कार झाला असं समजू नका. वर्स संपलं तरी स्कूल नीट म्हननारे सात-आठच हायेत. तो पोट्टा आताही 'सकून'च म्हनते. पन "टीचर, आय गो सकून मोटरबाइक, माय ग्रँडमा सिक" एवढं एका दमात सांगाले लागला, ते मले पुरते. व्याकरनवाल्याइनं मांगून या.

तर्रीपोहे
13 एप्रिल 2025, दुपारी 2.40

आता तुही टाचणवही काढ अन् त्या लाल शाईच्या खाली काई तरी लिही बाई.

पऱ्हाटी
13 एप्रिल 2025, दुपारी 3.05

वही मायनं मिरच्या वाळवाले खाली अंथरली. लाल शाईवरच लाल मिरच्या हायेत.

सांबारवडी
13 एप्रिल 2025, दुपारी 4.10

😂 आज तिकडे सोंगक्रान ना? पाण्याची होळी?

पऱ्हाटी
13 एप्रिल 2025, दुपारी 4.30

हाव, 13 ते 15. पोट्ट्याइनं सकायपासून व्हिडिओ पाठवले, ट्रकात ड्रम ठेवून पानी उडवून राहिले. आमच्या इथी नळाले चौथ्या दिवशी पानी. मायले दाखवलं, ते म्हने, "एवढं पानी सांडून राहिले त यंदा भात कायनं लावतीन?"

आन 28 मार्चच्या भूकंपाच्या दिवशी ज्याइनं ज्याइनं फोन केला त्याइचे आभार. बँकॉकात इमारत पडली होती, आमच्याकडे नुसता पंखा हलला. बाबा मात्र तवापासून वावरात फोन खिशात नाई, हातात धरून असतात.

वावरातला_इंजिनेर
13 एप्रिल 2025, रात्री 8.00

भावाला वाचायला दिलं. तो म्हणतो, टोइकचा फॉर्म भरतो. परत कधी चाललीस?

पऱ्हाटी
13 एप्रिल 2025, रात्री 8.25

10 मेले, नागपूरहून. त्याले माह्याशी बोलू द्या, एजंटशी नाई. यंदा मायनं दोन किलो जवसाची चटनी कुटून ठेवली. शेजारच्या आजीसाठी अर्धा किलो वेगळी, तिखट कमी.

सेवानिवृत्त_मास्तर
13 एप्रिल 2025, रात्री 9.00

पारावरच्या मुलांना मे महिन्यानंतर कोण घेणार आहे? मी दिग्रसला असतो. आठवड्यातून दोन दिवस येऊ शकेन. बसचे वेळापत्रक कळवावे.

पऱ्हाटी
13 एप्रिल 2025, रात्री 9.04

गुरुजी!! सकायी साडेसातची हाय, पावने नवाले फाट्यावर सोडते. फाट्यावर बाबा बंडी नाईतर गाडी घेऊन येतीन. तुमाले निरोप करतो, थांबा.

तर्रीपोहे
13 एप्रिल 2025, रात्री 9.15

चटणी दोन पिशव्यांत बांध अन् मधी कपडे घाल. माह्या साळ्याची मस्कतच्या विमानात फुटली, त्याचा लग्नातला सूट अजून जवसाचा वास मारते.